निरामिषाचे आमिष

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. प्राणिजन्य अन्न विचारपूर्वक आणि कायमचे सोडलेल्या कोणाशीही आमचे भांडण नाही. गोठ्यातल्या नर वासरांचे पुढे काय होते, हा प्रश्न ज्याला अस्वस्थ करतो आणि त्या अस्वस्थतेपायी जो आयुष्यभर बिनदुधाचा चहा पितो, त्याच्यापुढे आम्ही नम्रच आहोत. आमचे भांडण आहे ते एका निराळ्या प्रकाराशी. एकवीस दिवस दूध, दही, तूप, अंडी, मासळी सोडायची. सोडल्याचे चारचौघांत जाहीर करायचे. त्या जाहिरातीच्या बळावर परिचितांकडून दर दिवसामागे देणगी कबूल करून घ्यायची. आणि जमलेला पैसा एखाद्या उपेक्षित वाडीवर नेऊन द्यायचा, असा हा प्रकार. तो आम्ही स्वतः केलेला आहे. तेव्हा पुढील मजकुरात जे काही बोचरे असेल, त्याचे पहिले धनी आम्हीच आहोत.

आम्ही तिघे पनवेलला मराठी शिकवतो. दोन गृहस्थ आणि एक बाई, तिघेही चाळिशी ओलांडलेले. एका स्वयंसेवी संस्थेचे कार्यकर्ते डिसेंबरात आमच्याकडे आले. तालुक्याच्या पूर्वेकडील एका कातकरी वाडीतल्या शाळकरी मुलांच्या पोषणासाठी निधी उभारायचा होता. कल्पना आकर्षक होती: निष्पाप आहार आणि निष्काम दान यांचा संगम. जानेवारीत इंग्लंडात असा महिना पाळण्याची मोहीम २०१४ पासून चालते, तिचेच हे देशी रूप, असे आम्हांला सांगण्यात आले. आम्ही होकार दिला. होकार देताना आमच्या मनात मुलांचे पोषण किती होते आणि आपले नाव फलकावर लागण्याचे सुख किती होते, याचा हिशेब आज मांडायला गेलो तर तो आमच्या बाजूने लागत नाही.

पहिली अडचण भाषेची आली. आम्ही मराठीचे अध्यापक, म्हणून पत्रक लिहिण्याचे काम आमच्याकडे. 'वीगन' या शब्दाला मराठीत काय म्हणायचे? शब्द मुळात इंग्रजीतही जुना नाही. १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'व्हेजिटेरियन' या शब्दाचे पहिले तीन आणि शेवटची दोन अक्षरे जोडून तो घडवला. मराठीत मात्र शाकाहार या शब्दातच दूध विरघळलेले आहे. 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी लावणाऱ्या खाणावळीत शुद्धतेचा पुरावा म्हणून साजूक तुपाचीच ग्वाही दिली जाते. 'निर्दुग्ध' म्हणावे तर मध आणि अंडी सुटतात, 'वनस्पत्याहारी' म्हणावे तर पत्रक कोणी वाचणार नाही. शेवटी आम्ही 'संपूर्ण निरामिष' असे लिहिले आणि लिहून झाल्यावर आमच्याच लक्षात आले की 'आमिष' या शब्दाचा मूळ अर्थ मांस असला तरी आज मराठी माणूस तो ऐकतो तो गळाला लावलेल्या तुकड्याच्या अर्थाने. निरामिष आहारासाठी दानाचे आमिष! शब्दांनी आम्हांला तेव्हाच सावध केले होते. आम्ही मात्र श्लेष सुचल्याच्या आनंदात होतो.

दुसरी अडचण बाजारातली. आपल्याकडे वेष्टनावरील हिरव्या ठिपक्याने शाकाहारी माणूस निश्चिंत होतो. पण त्या ठिपक्याच्या व्याख्येतच दूध, दुधाचे पदार्थ, मध आणि लाखसुद्धा सामावलेली आहे. संपूर्ण वनस्पतिजन्य अन्नासाठी वेगळे चिन्ह असावे, असे केंद्राचे नियम २०२२ साली आले. पण त्या चिन्हाचा माल आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे शोधूनही सापडला नाही. बिस्किटाच्या पुड्यावरील बारीक अक्षरे वाचत आम्ही दुकानात उभे राहू लागलो. दूध भुकटी, लोणी, दुधातील घनपदार्थ. मॉलमध्ये बदामाच्या दुधाचे खोके मिळाले, त्याची किंमत दीड-दोन किलो तूरडाळीइतकी होती. खोबऱ्याचे दूध चहात घालण्याचा प्रयोग एकीने केला. तो चहा फाटला आणि घरातल्यांचा संयमही.

आणि चहा! अध्यापकांच्या खोलीत अकराच्या सुमारास येणारा तो दुधाळ, अतिगोड, वेलचीचा संशय येणारा चहा हे पेय नसून परस्परांशी बोलण्याचे निमित्त असते, हे आम्हांला तो सोडल्यावर कळले. कोरा चहा घेऊन बसलेल्या माणसाला प्रत्येक जण कारण विचारतो. कारण सांगितले की चर्चा आपल्या त्यागावर येते. पहिल्या दिवशी ही चर्चा सुखावते. पाचव्या दिवशी तिचा कंटाळा येतो. नवव्या दिवशी आपण स्वतःच ती सुरू करतो आहोत, असे ध्यानात येते, आणि तो क्षण फार लाजिरवाणा असतो. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'मधील 'उपास' वर्गात शिकवताना आम्ही इतकी वर्षे त्यातल्या सल्ला देणाऱ्या शेजाऱ्यांना हसत आलो. त्या लेखात खरा हास्यविषय उपास करणारा आहे, हे या जानेवारीत नव्याने कळले.

उरण नाक्यावरच्या मासळी बाजारात आमच्यापैकी एकाचे नेहमीचे गिऱ्हाईकपण आहे. तो आठवडाभर फिरकला नाही, मग रस्त्यात भेटल्यावर कोळीण मावशींनी विचारले, "मास्तर, पौषात कसला श्रावण लावलाय?" तिने थट्टेत विचारले, पण प्रश्न शास्त्रशुद्ध होता. श्रावण तिला मान्य आहे, मार्गशीर्षातले गुरुवार मान्य आहेत. त्या दिवसांत तिचा धंदा मंदावतो, तेही ती धरूनच चालते. पावसाळ्यात मासळीच्या विणीचा काळ म्हणून होड्या किनाऱ्याला लागतात आणि श्रावण त्याच सुमारास येतो; व्रताची आणि खाडीची अशी एक जुनी ओळख आहे. आमच्या एकवीस दिवसांची कशाशीच ओळख नव्हती. ना ऋतूशी, ना समुद्राशी, ना पंचांगाशी. विमानतळाच्या भरावाने आणि नव्या वसाहतींनी खाडीकाठची मासेमारी आधीच आकसलेली असताना, मासे खाणे हे पाप आणि ते सोडणे हे पुण्य, असा मजकूर असलेले आमचे पत्रक त्या मावशींच्या हाती पडले नाही, याबद्दल आम्ही दैवाचे आभार मानतो.

घरातली गोष्ट याहून गंभीर आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची हकीकत येते. ती वाचताना विद्यार्थी हसतात; मग आम्ही त्यांना विचारतो, की त्या सोवळ्यासाठी पाणी कोण भरत होते, धुणे कोण धूत होते? हा प्रश्न गेली वीस वर्षे विचारणाऱ्या आम्हा दोघा गृहस्थांच्या घरी या जानेवारीत दोन स्वयंपाक होत होते. मुलांसाठी दही लावलेले, आमच्यासाठी न लावलेले. भोगीच्या बाजरीच्या भाकरीवर सर्वांना लोणी, आम्हांला नुसते तीळ. गुळपोळीवर तूप नको म्हणून ती तेलावर भाजलेली वेगळी. व्रत पुरुषाचे आणि कढया दोन, हा आपल्या घरांतला फार जुना करार आहे. आम्ही त्याला आधुनिक नैतिकतेचे वेष्टन चढवले एवढेच. आमच्यातील बाईंची तऱ्हा उलटी. त्यांनी स्वतःचा स्वयंपाक वेगळा केलाच नाही. घरच्यांसाठी सर्व रांधून त्या भात आणि वालाचे बिरडे तेवढे खात राहिल्या. त्यांचा त्याग कोणाच्या लक्षातही आला नाही, कारण बाईने ताटातले वगळणे ही बातमी नसते.

येथे एक प्रतिवाद अपेक्षित आहे. आपली परंपरा तर वर्ज्य करण्याचीच आहे, मग या एकवीस दिवसांनी काय बिघडले? प्रश्न योग्य आहे. एकादशीला दुप्पट खाणारे आम्हीही पाहिले आहेत, तेव्हा परंपरेचे भाबडे गोडवे आम्ही गाणार नाही. परंतु ज्या वर्ज्य करण्यातून काही निष्पन्न झाले, त्याची रीत पाहावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिचा मुष्टिफंड म्हणजे घरातल्या बाईने दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढणे. ते धान्य जात्याऐवजी वसतिगृहाच्या कोठीत जाई. दात्याच्या घरातून निघालेली मूठ आणि मुलाच्या ताटात पडलेली मूठ एकच होती. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. त्यांनी दागिने न घालण्याचा एकवीस दिवसांचा उपक्रम केला नाही.

१९६५ साली युद्ध आणि धान्यटंचाई एकाच वेळी ओढवली, तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी सोमवारचे रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. अमेरिकेच्या गव्हावर देश अवलंबून होता. न खाल्लेला घास शिल्लक राहत होता आणि त्या शिलकीला अर्थ होता. साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपुरात दहा दिवस अन्न वर्ज्य केले ते विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून. ज्यांनी दार अडवले होते त्यांच्या विवेकाला ते आवाहन होते. तीन उदाहरणे, तीन रीती. पण तिन्हींत सोडलेली वस्तू आणि साधायचे कार्य यांच्यात एक धागा आहे. आमच्या उपक्रमात हा धागा कोठे होता? आम्ही न प्यायलेले दूध वाडीवरच्या मुलाला मिळाले नाही. आम्ही न खाल्लेली अंडी त्याच्या ताटात गेली नाहीत. आमच्या त्यागाचा आणि त्याच्या भुकेचा संबंध केवळ एका पावतीपुस्तकापुरता होता. आम्ही एकवीस दिवस डोंगर चढलो असतो, उलटे चाललो असतो किंवा मौन पाळले असते, तरी पावत्या तितक्याच फाटल्या असत्या.

व्रतातली पळवाट कशी असते, याचेही एक प्रामाणिक उदाहरण आपल्यापुढे आहे. गांधीजींनी १९१२ साली दूध न पिण्याचा संकल्प केला. गाई-म्हशींवर दुधासाठी होणारी क्रूरता हे त्यामागचे एक कारण होते. १९१८ च्या जीवघेण्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला. संकल्प गाई-म्हशीच्या दुधाचा होता, शेळीच्या दुधाला काय हरकत, असे कस्तुरबांनी सुचवले आणि गांधीजींनी ते मानले. पुढे आत्मकथेत त्यांनी स्वच्छ कबूल केले की प्रतिज्ञेचा शब्द राखला, पण तिचा आत्मा गेला. आयुष्यभर ती बोच त्यांनी बाळगली. एकवीस दिवसांच्या व्रतात अशी बोच संभवतच नाही, कारण बाविसाव्या दिवशीचा दुधाचा चहा आधीच ठरलेला असतो. ज्या विचारासाठी आपण एक पदार्थ सोडतो, तो विचार बाविसाव्या दिवशी खोटा ठरतो काय? जनावराचे दुःख जानेवारीपुरतेच असते काय? वनस्पत्याहाराच्या निष्ठावंत पुरस्कर्त्यांनी खरे तर आमच्याहून अधिक रागावले पाहिजे. त्यांच्या आयुष्याच्या निष्ठेची आम्ही स्पर्धा केली, तीही मुदतीची.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावा लागला, तो सांगतो.

सतराव्या दिवशी आम्ही त्या वाडीवर गेलो. जानेवारीत कातकरी वाड्या निम्म्या रिकाम्या असतात. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत नाव असलेली काही मुले. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना शासन विशेष दुर्बल आदिवासी गट मानते, त्यांपैकी कातकरी ही एक. खैराचा कात करणारे म्हणून कातकरी. कात गेला, जंगल गेले, नाव उरले. शाळेच्या पडवीत बसून आम्ही मुलांशी बोललो. त्यांना काय आवडते विचारले, तेव्हा त्यांनी ओढ्यातले मुठे, भाजलेले मासे आणि अंडी यांची नावे उत्साहाने घेतली. पत्रक लिहिणाऱ्या आम्हांला ती नावे लिहून घेताना थोडे अवघडल्यासारखे झाले.

नंतर एका आजींनी घरी बोलावले. कुडाचे घर, सारवलेली जमीन. आजींनी नातवाला काही सांगितले, तो पळत गेला आणि बऱ्याच वेळाने हातात दुधाची छोटी पिशवी घेऊन आला. दुकान खाली फाट्यावर होते, जाऊन-येऊन दोन किलोमीटर तरी. आजींनी चुलीवर दोन भांडी ठेवली. एकात घरच्यांसाठी कोरा चहा, जो त्या रोजच पितात. दुसऱ्यात पाहुण्यांसाठी दुधाचा. आणि आम्ही, मुलांच्या पोषणासाठी व्रतस्थ झालेले तीन मराठीचे अध्यापक, एकमेकांकडे पाहून म्हणालो, "आजी, आम्हांला कोराच द्या."

आजींना समजले नाही. त्यांनी विचारले, "डागदरनं दूध बंद केलंय का?" आमच्यापैकी एकाने समजावण्याचा प्रयत्न केला की हे मुलांसाठी आहे, मुलांना खायला मिळावे म्हणून आम्ही दूध सोडले आहे. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी दुधाच्या चहाचे भांडे खाली उतरवले आणि बाजूला ठेवले. काही बोलल्या नाहीत. तो चहा शेवटी नातवाने प्यायला असेल, अशी आम्ही परतताना स्वतःची समजूत घातली. पण नातवाने चहा पिण्याने आमचे उत्तर बरोबर ठरत नाही. त्या बाईंनी आम्हांला पाहुणे मानले होते आणि आम्ही तिच्या घरात दाते म्हणून बसलो होतो. तिच्या रोजच्या अभावाला आम्ही आमच्या मुदतीच्या त्यागाचे नाव दिले, तेही तिच्याच चुलीपुढे. ज्या कोऱ्या चहाचे आम्ही शहरात दर दिवसामागे पैसे गोळा करत होतो, तो ती जन्मभर फुकट पीत आली होती. तिच्या नावाने कोणी पावती फाडली नाही.

शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाचे नावच एका सुभाषिताशी वाद घालते. मराठवाड्यातल्या दलितांचे अन्न काय होते, ते कसे शिजत होते आणि ते मराठी पाककलेच्या पुस्तकांत का दिसत नाही, याची ती नोंद आहे. हे पुस्तक आम्ही पदव्युत्तर वर्गात चर्चेला घेतले आहे. अन्नाची श्रेणी ही माणसाची श्रेणी ठरवण्याचे साधन असते, हे वाक्य आम्ही विद्यार्थ्यांना वहीत लिहून घ्यायला लावले आहे. तरीही वाडीवर जाताना आमच्या झोळीत हे पुस्तक नव्हते, पत्रक होते.

मोहीम संपली. आम्हा तिघांच्या नावे दर दिवशी माणशी तीनशे रुपये याप्रमाणे १८,९०० रुपये जमले. आम्ही संस्थेला सुचवले की मुलांनी स्वतः अंडी मागितली आहेत, तर या निधीतून शाळेला आठवड्याला अंडी द्यावीत. उत्तर सौम्य शब्दांत आले: मोहीम प्राणिजन्य अन्न वर्ज्य करण्याची होती, तेव्हा तिच्या पैशातून अंडी घेणे देणगीदारांच्या भावनांना धरून होणार नाही. चिक्की आणि खजूर देता येतील. चिक्की-खजूर वाईट आहेत असे नाही. परंतु मुलाच्या ताटात काय पडावे हे मुलाची भूक, त्याची आवड आणि आहारशास्त्र यांपैकी कोणीच न ठरवता देणगीदाराची भावना ठरवणार असेल, तर ते दान कोणासाठी आहे?

हा प्रश्न एका संस्थेपुरता असता तर आम्ही गप्प बसलो असतो. तो तसा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे किंवा फळ देण्याचा निर्णय घेतला. त्यावर काही धार्मिक आणि शाकाहारवादी गटांनी आक्षेप घेतले. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यांसाठीचा निधी थांबवला. अंडे द्यायचेच असेल तर शाळेने ते लोकसहभागातून द्यावे, असे ठरले. म्हणजे मुलाचे अंडे हे त्याच्या हक्काच्या यादीतून काढून दात्यांच्या मर्जीच्या यादीत घातले गेले. आदिवासी भागांतल्या सहा वर्षांखालील मुलांना अंडी किंवा केळी देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाची अमृत आहार योजना याच राज्याची आहे. अंड्याचे महत्त्व शासनाला ठाऊक नाही असे म्हणण्याची सोय नाही. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात, आणि त्यात भेसळ करता येत नाही. डाळीचे वरण पातळ करता येते, दुधात पाणी घालता येते. अंडे फोडल्याशिवाय त्यातले काही काढून घेता येत नाही. गरिबाच्या मुलाच्या अन्नाबाबत हा गुण लहान नव्हे.

आता 'लोकसहभाग' या शब्दाचा आणि आमच्या मोहिमेचा मेळ घालून पाहा. शासन म्हणते, अंडे लोकांनी द्यावे. लोक म्हणतात, आम्ही अंडे सोडून पैसा जमवला आहे, त्यातून अंडे कसे देणार? दोघांच्या मध्ये मूल उभे आहे आणि दोघेही त्याच्याबद्दल कळवळ्याने बोलत आहेत.

आक्षेप येतील, ते आम्ही स्वतःच घेऊन ठेवतो. पहिला: काही का असेना, पैसा तर जमला ना? जमला. परंतु ज्यांनी दिला त्यांनी आमच्या दूध न पिण्यावर दिला, वाडीतल्या मुलावर नव्हे. त्यांपैकी एकानेही आम्हांला वाडीचे नाव विचारले नाही, बहुतेकांनी "पनीरही नाही?" असे विचारले. दुसरा: अशा मोहिमांतून काही जण कायमचे बदलतात. बदलत असतील, मग ती मोहीम जनावरांसाठी चालवावी, तिच्यावर गरिबाच्या मुलाची भूक कलम करू नये. तिसरा, आणि खरा टोचणारा: तुम्हांला जमले नाही म्हणून तुम्ही चिडला आहात. हे अंशतः खरे आहे. तेराव्या दिवशी आमच्यातल्या एकाने परीक्षा-पर्यवेक्षणानंतर समोर आलेला दुधाचा चहा अर्धा पिऊन मग आठवण झाल्याचे सांगितले. आठवण पहिल्या घोटालाच झाली होती, हे त्याने नंतर कबूल केले. पण आमची चीड त्या अर्ध्या कपाची नाही. तेराव्या दिवशी दूध पिऊन व्रत मोडल्याची आम्हांला खंत वाटली आणि सतराव्या दिवशी दूध न पिऊन ते पाळल्याची लाज वाटली. ज्या व्रतात मोडणे आणि पाळणे दोन्ही चुकीचे ठरते, त्या व्रतातच काही खोट असली पाहिजे.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. राजाने महादेवाचा गाभारा दुधाने भरण्याचे ठरवले. त्याच्या आज्ञेने गावातले सगळे दूध देवळात गेले. मुले आणि वासरे उपाशी राहिली. गाभारा भरेना. एका म्हातारीने आधी घरातल्या मुलाबाळांना आणि वासरांना दिले, त्यांचा जीव निवाल्यावर उरलेले खुलभर दूध देवळात नेऊन ओतले, आणि गाभारा भरला. ही कहाणी वर्गात सांगताना आम्ही तिचा अर्थ श्रद्धेचा, साधेपणाचा असा काहीतरी लावत असू. आता वाटते, ती क्रमाची कहाणी आहे. आधी मूल, आधी वासरू, मग देव. राजाचा दोष कंजूषपणाचा नव्हता. त्याने भरपूर दिले आणि देवविले. त्याचा दोष हा, की त्याला मुलांचे पोट दिसले नाही, गाभाऱ्याची पातळी दिसत राहिली. आमच्या मोहिमेच्या फलकावरही रकमेची पातळी दाखवणारी एक रंगीत पट्टी होती. ती रोज वर चढत असे आणि आम्ही रोज ती पाहत असू.

या लेखाच्या शेवटी उपाय सांगण्याची प्रथा आहे. आमच्याकडे मोठा उपाय नाही. अंडे पुन्हा शासनाच्या खर्चाने, हक्क म्हणून ताटात यावे, यासाठी आम्ही आमदारांना आणि शिक्षण विभागाला पत्रे लिहिली आहेत. साहित्याच्या अध्यापकांच्या पत्रांना उत्तरे येतात तितकी ती आली, म्हणजे आली नाहीत. तोवर आम्ही तिघे आणि आमचे काही सहकारी पगारातून ठरावीक रक्कम काढतो आणि दर बुधवारी त्या शाळेत अंडी पोहोचतात. त्यासाठी कोणी काही सोडलेले नाही. फलक नाही, पट्टी नाही, दिवसांची मोजणी नाही. शासनाने करायचे काम आम्ही करतो आहोत, आणि ते करून त्याची सोय करून देतो आहोत, हेही आम्हांला कळते. तो वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

पुढच्या खेपेस वाडीवर गेलो तेव्हा त्या आजी वीटभट्टीवर लेकीकडे गेल्या होत्या. घराला कडी होती. शेजारणीने बसायला गोधडी टाकली आणि चहा ठेवला. तिने काही विचारण्याआधीच आमच्यातल्या बाई म्हणाल्या, "दूध असेल तर दुधाचा, नसेल तर कोरा. जो तुम्ही घ्याल तो." तो कोराच होता. आम्ही तो सर्वांबरोबर प्यायलो.